काळ्या मातीचा नियम

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांना एक नियम पाठ असतो. दलदल, दगडगोटे, दाट झुडपं अशी अवघड जमीन लागली की एका फुटाला दोन फूट मोजायचे. ६ सेकंदांच्या फेरीत ३० फूट चालणारा माणूस तिथे १५ फूटच जातो. २०१४ च्या नियमपुस्तकानुसार दलदलीत झुडपंही असली, तरी दंड एकदाच.

हे वाचलं की मला निंबोल्याचं मामांचं शेत आठवतं. आपल्या बुऱ्हाणपूरकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते, चिकटते. पहिली दहा पावलं ठीक. मग चपलेखाली थरावर थर, आणि पाय उचलला की चप्पल खालीच! खेळात दंड त्या जागेपुरता असतो. इथे तो पायाला चिकटून बरोबर येतो.

पावसात ट्रक डांबरी सडकेवरच थांबतो. केळीचे घड मजूर डोक्यावरून नेतात. चिखल, चढ, ओझं, तिन्हींचा दंड वेगवेगळा. मामा ओल्या दिवसाची मजुरी जास्त देतात. शेजारी कुरकुरले, तर म्हणाले, “एक घड नेऊन बघ, मग बोल.”

आमच्या रविवारच्या खेळात मी घरचा नियम घातलाय: काळ्या मातीत दर फेरीला ५ फूट कमी, आणि तळवे खरवडायला एक फेरी खर्च. परवा भाचीच्या बुटक्या योद्ध्याने खजिन्याची पेटी वाटेतच खाली ठेवली आणि आधी काडी शोधली.