बंद पडला नाही, एवढ्यावर भागत नाही

ओव्हरक्लॉक केलेला कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवला आणि सकाळी तो हँग झालेला नसला, की सेटिंग पक्कं झालं असं बहुतेक हौशी मंडळी धरून चालतात. घरच्या यंत्रांचा वेग ताणून पाहण्याचा नाद मलाही आहे, आणि त्या अनुभवावरून मला ही समजूत धोक्याची वाटते. यंत्र बंद पडण्याच्या कितीतरी आधी ते चुकू लागलेलं असू शकतं. प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका पडला की पुढच्या ठोक्याआधी विजेचा संकेत मधल्या सगळ्या ट्रान्झिस्टरांतून पार व्हावा लागतो. ५ गिगाहर्ट्झला ही मुदत अवघी ०.२ नॅनोसेकंद असते. वेग वाढवला की ती आखडते. व्होल्टेज वाढवलं तर ट्रान्झिस्टर चपळ होतात, पण विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो आणि चिप तापते. मग केव्हातरी सगळ्यात संथ वाटेवरचा संकेत वेळेत पोचत नाही आणि १ च्या जागी ० नोंदला जातो. तो बिट मेमरीतला पत्ता सांगणारा असेल तर प्रोग्रॅम कोसळतो किंवा निळा स्क्रीन येतो. तोच एखाद्या फोटोतला किंवा हिशेबाच्या तक्त्यातला असेल तर वरकरणी काहीच घडत नाही. फाइल सेव्ह होते, तिचा बॅकअपही होतो, चुकीसकट. निळा स्क्रीन आला तर मी त्याला नशीब समजतो. निदान कळलं तरी.

म्हणूनच माझ्या लेखी कामाची चाचणी एकच: ज्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे असं गणित यंत्राकडून करवून घ्यायचं आणि उत्तर ताडून पाहायचं. प्राइम९५ हा प्रोग्रॅम नेमकं हेच करतो. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा सामूहिक उपक्रम सुरू केला, त्यासाठीचा हा प्रोग्रॅम. मूळसंख्येच्या शोधात एक बिट चुकला तरी सगळी मेहनत पाण्यात जाते, त्यामुळे यंत्र विश्वासू आहे की नाही हे तपासण्याची सोय त्यात मुळापासूनच लागली. त्यातला प्रचंड संख्यांचा गुणाकार अपूर्णांकांतून होतो, पण शेवटी प्रत्येक आकडा पूर्णांकाच्या अगदी जवळ पडायला हवा. तो ०.४ हून जास्त भरकटला की प्रोग्रॅम थांबतो आणि तसं स्पष्ट सांगतो. आकडेमोड लहान ठेवली तर ती कॅशमध्येच मावते आणि कोअर भाजून निघतात. मोठी केली तर रॅम आणि मेमरी कंट्रोलरही कामाला लागतात. याउलट चित्र रंगवून गुण देणारे बेंचमार्क हौशी लोकांत फार लोकप्रिय आहेत. त्या चित्रातला एखादा ठिपका चुकला तर कुणाच्या बापाला कळणार? ग्राफिक्स कार्डांची तर आणखी गंमत आहे. जीडीडीआर५ पासूनच्या मेमरीत पाठवलेला डेटा चुकला की तो ओळखून पुन्हा पाठवण्याची सोय आहे. त्यामुळे मेमरीचा वेग फार ताणला की कार्ड कोसळण्याऐवजी आधी हळू होतं, आणि मालक मात्र वाढलेल्या मेगाहर्ट्झकडे पाहून खूश असतो.

चाचणी किती वेळ चालवायची, यावर वाद घालणाऱ्यांना मी थोडं संख्याशास्त्र सुचवतो. २४ तासांत एकही चूक दिसली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की त्या कामाच्या भाराखाली सरासरी ८ तासांत एकाहून जास्त चूक होत नसावी. चोवीस तासांच्या विजेच्या बिलाच्या मानाने हा निष्कर्ष फारच तोकडा आहे! शिवाय तो लागू पडतो फक्त त्याच भाराला आणि त्याच तापमानाला. खोली जितकी तापते, साधारण तितकीच चिपही वर चढते; डिसेंबरात नागपूर-अकोल्याला पास झालेलं सेटिंग मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत पास होईलच असं नाही. आणि जास्त भार म्हणजे जास्त कठीण परीक्षा, हेही आता पुरतं खरं राहिलेलं नाही. रायझन प्रोसेसरांत कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज उतरवलं, की सगळे कोअर एकदम राबताना वेग आपोआप खाली राहतो आणि चाचणी बिनबोभाट पार पडते. एखादाच कोअर क्षणभर कमाल वेगाला उडी मारतो तेव्हा खरी कसोटी लागते, म्हणजे आपण निवांत बातम्या वाचत असताना. रात्रभर प्राइम९५ झेललेला कॉम्प्युटर रिकामा बसल्या बसल्या रीस्टार्ट होतो तो यामुळे. एकेका कोअरवर आळीपाळीने भार टाकणारी कोअरसायक्लर ही स्क्रिप्ट याच दुखण्यावर निघाली. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ-लॉगर’ या नावाखाली हार्डवेअरने स्वतः दुरुस्त केलेल्या चुकाही नोंदलेल्या असतात. त्या नोंदी मी स्क्रीन निळा झालेला नसतानाही उघडून पाहतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की घरी कोण मूळसंख्या शोधत बसतो? इतका अघोरी भार कधी येणारच नाही, तर त्यासाठी वेग का सोडायचा? आक्षेपात तथ्य आहे. प्राइम९५ मधल्या रुंद एव्हीएक्स सूचनांनी होते तितकी उष्णता बहुतेक गेममध्ये होत नाही. पण ‘नेहमीचं काम’ सौम्यच असतं हे गृहीतक टिकत नाही. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर चुकू लागल्याचा घोटाळा २०२४ मध्ये गाजला, तो अनेकांच्या लक्षात आला गेम सुरू होताना फाइली उलगडण्याच्या साध्या कामात. संदेश मात्र ग्राफिक्स मेमरी अपुरी असल्याचा यायचा, आणि लोक निर्दोष ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत बसले. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००५ मध्ये अशाच चक्रावून टाकणाऱ्या क्रॅश अहवालांबद्दल लिहिलं होतं: रजिस्टर शून्य करण्याची, चुकूच न शकणारी सूचना चुकलेली. चौकशीअंती यंत्रं ओव्हरक्लॉक केलेली निघाली, आणि काही मालकांना तर त्याचा पत्ताही नव्हता, दुकानदारानेच ती तशी विकली होती.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. कंपनीने ठरवलेल्या वेगावरही चिप चुकतातच की. १९९४ मध्ये थॉमस नाइसली जुळ्या मूळसंख्यांचा हिशेब करत असताना पेंटियमचा भागाकारच चुकीचा निघाला. २०१६ च्या जानेवारीत स्कायलेक प्रोसेसर प्राइम९५ च्या एका विशिष्ट गणितावर गोठतात हे इंटेलला मान्य करावं लागलं आणि बायॉस अपडेट द्यावे लागले. मग ओव्हरक्लॉकिंगलाच का झोडपायचं? कारण हे रचनेतले दोष होते. ते त्या जातीच्या प्रत्येक चिपमध्ये सारखेच असतात, शोधता येतात, दुरुस्त होतात. वेग ताणल्यामुळे होणारी चूक एका चिपची, एका खोलीची, एका उन्हाळ्याची असते आणि तिचं अपडेट कुठूनच येत नाही. सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या क्रॅश नोंदी तपासून मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की वेग वाढवलेल्या यंत्रांत प्रोसेसरच्या चुकीने कोसळण्याचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त असतं, आणि एकदा कोसळलेलं यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता फार वाढते. ‘एकदाच झालं होतं, नंतर नाही’ हे वाक्य त्यामुळे मी मनावर घेत नाही.

म्हणून चाचणी पास झाली की मी त्या वेगावर थांबत नाही, शंभरेक मेगाहर्ट्झ खाली उतरतो. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसत नाही. मेमरीच्या बाबतीत तर मी याहून कडक आहे, कारण घरच्या बहुतेक कॉम्प्युटरांत ईसीसी रॅम नसते. डीडीआर५ मधली दुरुस्तीची सोय चिपच्या पोटातल्या चुका सावरते, मदरबोर्डवरच्या तारांमधल्या नाही. आणि ‘मी कधी ओव्हरक्लॉक केलंच नाही’ म्हणणाऱ्यांनी बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू आहे का, ते पाहून घ्यावं. ४८०० वर सुरू होणारी रॅम त्या एका क्लिकने ६००० वर गेली असेल तर तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवायची पाळी त्यांचीही आहे.