मांजरसुंब्याचं कासव

मे महिना, दुपारचे अडीच, बाहेर ४२ डिग्री. मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलो आणि डॅशबोर्डवर कासव उगवलं. म्हणजे बॅटरी तापलीय, आता जोर मागू नका. शेजारी अण्णा, एसटीत तीस वर्षं ड्रायव्हिंग करून रिटायर झालेले. अंबाजोगाईच्या मेडिकलला आत्या ॲडमिट, आणि सकाळपासून फोनवर फोन... कुठपर्यंत आलात?

मी म्हटलं, "काढू तशीच हळूहळू."

"नाही. चौकात धाब्यावर सावलीला घे. अन् लगेच बंद करू नको, पाणी फिरू दे."

अण्णा, ह्यात इंजिनच नाहीये, असं म्हणणार होतो. पण च्यायला, पाणी असतं की! सेल्सच्या खालून कूलंट फिरतं, पंप असतो. गाडी चालू ठेवली तरच तो फिरतो. गप्प चावी तशीच ठेवली. मग अण्णांनी स्वतःच एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या. हेही बरोबर निघालं. ४२ च्या हवेत नुसता रेडिएटर बॅटरीला ४२ च्या खाली आणूच शकत नाही, त्यासाठी एसीचा गॅस लागतो. आमच्या गाडीत कॉम्प्रेसर एकच. केबिनने कमी घेतलं की बॅटरीला जास्त.

डोंगलवर तापमान ४८. चहा सांगितला आणि बिलाच्या मागे गणित मांडलं. (इंजिनियरला दुसरं काय येतं?) बॅटरी ३३० व्होल्टची, इंटर्नल रेझिस्टन्स ०.१ ओहम धरू. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सपाट रस्त्यावर ८० ने जाताना साधारण १२ किलोवॅट, म्हणजे ३६ अँपिअर, उष्णता १३० वॅट. काहीच नाही. घाटात ४० किलोवॅट, म्हणजे १२० अँपिअर आणि १४४० वॅट. बापरे. पण घाट पाचच मिनिटांचा! ३०० किलोची बॅटरी तेवढ्यात दीड डिग्रीही तापत नाही.

मग ४८ आले कुठून?

बीडहून. तिथे आम्ही ५० किलोवॅटच्या चार्जरवर ४० मिनिटं उभे होतो. १५० अँपिअर, २२५० वॅट, कूलिंग नसतं तर एकट्या त्या चार्जिंगने १८ डिग्री चढले असते. त्याच्या आधी नगरलाही असंच केलेलं, आणि मधे मी १०० च्या वर हाणत आलेलो, कारण वेळ वाचवायचा होता. घाट बिचारा फुकट बदनाम. खरं तर मी मांजरसुंब्यालाही "जवळपास चार्जर आहे का" शोधत होतो. म्हणजे तापलेल्या बॅटरीत आणखी १५० अँपिअर!

२०११ च्या सुमारास निसान लीफ ही गाडी बॅटरीला ॲक्टिव्ह कूलिंग न देता विकायला आली होती. २०१२ मध्ये अमेरिकेत फिनिक्सच्या वाळवंटी उन्हातल्या मालकांच्या लक्षात आलं की बॅटरीची क्षमता भराभर उतरतेय. तिथलं ऊन आणि आपलं मराठवाड्यातलं ऊन, फार फरक नाही.

अण्णांना कागद दाखवला. त्यांनी तो न बघताच विचारलं, "किती झालं?" म्हटलं ४५. "बस मग अजून." मोबाईल हातात होता, दर पाच मिनिटांनी बघत होते. घाई त्यांना माझ्यापेक्षा जास्त होती. बहीण त्यांची.

३५ मिनिटांनी ४१ झाले आणि कासव गेलं. मी ऑटोमॅटिक हात एसीकडे नेला, अण्णांनी बोटाने नको म्हटलं. केजपर्यंत ७० च्या वर गेलो नाही. मेडिकलला पोचायला सहा वाजले. आत्या जागी होती. अण्णा तिचा हात धरून बसले आणि दोघं बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

रात्री आत्याच्या घरी १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटला गाडी लावली. ३ किलोवॅट, बॅटरीत ९ अँपिअर, उष्णता ८ वॅट. एका एलईडी बल्बएवढी!

परत येताना पहाटे पाचला निघालो. बीडला फक्त ६५ टक्क्यांपर्यंत चार्ज केली, मग ८० ने. अण्णा नगरपर्यंत झोपले होते.