गुणी बाळ

आमचा धाकटा तान्हा असताना घरी येणारा प्रत्येक जण त्याचं कौतुक करायचा. कुकरची शिट्टी होवो की शेजारी ड्रिल चालू असो, त्याची झोप मोडत नसे. "किती गुणी लेकरू!" आम्हीही खूश. चौथ्या महिन्यात त्याने मान धरली, आठव्या महिन्यात बसू लागला. माणूस दिसलं की खुदकन हसायचा. मग काळजी कसली?

मोठी मुलगी सातव्या महिन्यात "बाबाबा, दादादा" करून घर डोक्यावर घ्यायची. हा मात्र सुरुवातीला हुंकार देऊन हळूहळू गप्प झाला. त्याच्या दादी म्हणाल्या, "मुलगे उशिराच बोलतात. याचे अब्बाही तसेच होते." कुणी म्हणालं, "घरात उर्दू आणि मराठी, दोन्ही. पोर गोंधळलंय." दादींनी थाळी वाजवली, त्याने मान वळवली आणि सगळे निर्धास्त झाले.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसाठी अंगणवाडीत गेलो. सेविकाताईंनी मागे उभं राहून त्याला नावाने हाक मारली. दोनदा, तीनदा. तो समोरचा तक्ताच पाहत राहिला. त्या म्हणाल्या, "थाळी वाजवणारा हात बाळाला दिसतो. ती कानाची परीक्षा नव्हे." वर्गात रोज हजेरी घेणारे आम्ही, आणि घरातलंच मूल हाकेला ओ देत नाही हे आम्हाला कळलं नव्हतं!

बेरा तपासणी झाली. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून कानात आवाज सोडतात; दुखत काही नाही. दोन्ही कानांनी त्याला फार कमी ऐकू येत होतं. त्या रात्री दादी एकच विचारत होत्या, "जन्मल्यावर कानात दिलेली अजान तरी त्याला ऐकू आली असेल का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

अकराव्या महिन्यात कानाला मशीन लागलं. मग आम्ही समोर बसून बोलू लागलो. मालिश करताना "हा हात, हा पाय", भरवताना "गरम आहे, फुंकर घालू". त्याने काही आवाज केला की थांबून उत्तर द्यायचं. उर्दूही बोललो, मराठीही. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. आज तो सहावीत आहे. काही उच्चार अजून अस्पष्ट येतात, पण भांडायला बहिणीला पुरून उरतो.

तान्ह्यांच्या आई-अब्बांना एवढंच सांगणं. मोठ्या आवाजाला बाळ दचकतं का? सहा महिन्यांपर्यंत आवाजाकडे वळतं का? नऊ महिन्यांपर्यंत नावाला प्रतिसाद देतं का, "बाबाबा" करतं का? नसेल तर वाट पाहू नका. कानाची तपासणी जन्मानंतर पहिल्या महिन्यातही होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत होते, अंगणवाडीत विचारा. लोक काय म्हणतील, या भीतीपोटी गेलेले महिने परत मिळत नाहीत. आमचे गेले.