ऑक्टेन राहू दे, रबर बघा

माझी मोटरसायकल २००९ची. दीडशे सीसी, कार्ब्युरेटरवाली, सिंहगड रोडवरच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये पावसाळे काढलेली. पंपावरचा मुलगा विचारतो, "साधं की पॉवर?" साधं सगळ्यांत स्वस्त, ९५वालं त्याच्या वर, आणि शंभर ऑक्टेनचं फारच महाग. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये शंभरवालं आणलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं.

ऑफिसातली पोरं म्हणायची, शंभर टाक, गाडी उडेल. ती कशाला उडेल? ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोलने अवेळी पेट घेऊ नये, एवढंच त्याचं काम. बारा-तेरा कॉम्प्रेशनच्या इंजिनाला त्याची गरज, माझ्या साडेनऊवालीला नाही. शिवाय ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून साधं पेट्रोलच ९५ ऑक्टेनचं झालंय, कारण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८च्या पुढे आहे.

माझं दुखणं निराळं होतं. सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास यायचा, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो व्हायचा. नाना पेठेतल्या मेकॅनिकने बाऊल उघडला. आतली ओ-रिंग फुगून इतकी वाढली होती, की काढली ती परत खाचेत बसेचना. पेट्रोलची नळी वाकवली तर तोंडाशी भेगा, आणि बोटं काळी.

"साहेब, गंमत दाखवतो," म्हणत त्याने खुणांच्या काचेच्या नळीत दहा मिली पाणी घेतलं, त्यात निळ्या शाईचा थेंब टाकला आणि वर शंभरच्या खुणेपर्यंत माझ्या टाकीतलं पेट्रोल ओतलं. हलवून ठेवलं. थोड्या वेळाने निळा थर दहावरून पार पंचविशीच्या वर चढला. पाण्याने पेट्रोलमधलं इथेनॉल ओढून घेतलं होतं. शंभर ऑक्टेनवाल्यावर हाच प्रयोग केला, तर निळी रेघ जवळजवळ जागची हलली नाही.

पावसाळ्यात टाकीत हेच होतं. पूर्वी झाकणातून झिरपलेलं पाणी तळाशी वेगळं पडायचं. आता थोडं असेल तर पेट्रोलमध्ये विरतं, जास्त झालं की इथेनॉलला घेऊन खाली बसतं. रिझर्व्हला लावली की इंजिन नेमकं तेच ओढतं.

मग सरळ शंभरवालं का नाही? खिसा. नीती आयोगाच्या अहवालात जुन्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज ई२०वर ३-४ टक्के घटेल असं म्हटलंय; माझं लिटरमागे दोनेक किलोमीटर उतरलं. तेवढ्यासाठी लिटरला एवढे रुपये जादा कोण मोजणार? साध्या दरात इथेनॉलशिवायचं पेट्रोल मिळत नाही. तसा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली. गंमत अशी, की निव्वळ इथेनॉल विकायचा प्रयोग ५ जून २०२१ला सुरू झाला तो पुण्यातल्याच तीन पंपांवर. माझ्या गाडीला तो काय कामाचा!

दौंडकडचा मामा मात्र इथेनॉलविरुद्ध ब्र काढू देत नाही. डिसेंबर २०२३मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, तेव्हा त्याचा नुसता तिळपापड झाला होता. "कारखान्याकडे पैसा आला तर आमच्या बिलाचं बघतील ना रे! तुझ्या फटफटीच्या नळीपायी आम्ही ऊस जाळायचा का?" त्याचंही खरंच आहे.

शेवटी मेकॅनिकने ओ-रिंग आणि कॉकचे सील फ्लोरो-रबरचे टाकले, नळी बदलली, मेन जेट एक नंबर मोठा बसवला. त्याचा खर्च शंभरवाल्याच्या एका टाकीएवढाही झाला नाही. आता साधंच टाकतो. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी. गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. गावी महिनाभर जायचं असलं, तरच शंभरवालं भरतो, आणि ते मामाला सांगत नाही.