वरवट बकाल टू फ्रायबुर्ग, व्हाया घरकाम

‘तुझं जर्मन एवढं सॉलिड कसं गं?’ हिंजवडीतल्या ऑफिसात हा प्रश्न मला हमखास येतो. ‘वर्षभर ओ पेअर होते,’ असं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो. ओ पेअर? ये क्या होता है भाई?

सोप्पंय. परदेशातल्या एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरात हलकीफुलकी मदत करायची. बदल्यात स्वतःची खोली, जेवण, पॉकेटमनी आणि मुख्य म्हणजे भाषा. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘बरोबरीने’. म्हणजे नोकर नाही आणि पाहुणाही नाही. युरोप परिषदेने १९६९ साली स्ट्रासबुर्गला यासाठी एक करारच केला. ओ पेअर ही ना पूर्ण विद्यार्थी, ना पूर्ण कामगार, दोन्हींचे गुण असलेली वेगळीच कॅटॅगरी, असं त्यात लिहून ठेवलंय.

हे सगळं मी आमच्या गावात कसं समजावलं असेल, विचार करा!

गाव कुठलं?

वरवट बकाल. तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलडाणा. नाही ना कळलं? शेगावची कचोरी माहितीय? त्या शेगाव स्टेशनवर उतरायचं आणि उत्तरेकडे जाणारी एसटी पकडायची. दोन्ही बाजूंना कापूस, सोयाबीन, तूर. समोर सातपुड्याची निळसर रेघ दिसायला लागली, की आमचं गाव जवळ आलं. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. अक्षय्य तृतीयेला तिथे घटमांडणी होते आणि पाऊसपाण्याचं भाकीत करतात.

आमच्याकडे पाऊस चांगला झाला तरी पाण्याचं टेन्शन संपत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आमचा तालुका येतो. विहिरीला, बोअरला पाणी लागतं, पण बऱ्याच ठिकाणी खारट. त्यात डाळ नीट शिजत नाही आणि चहा फसतो. म्हणून गोडं पाणी वेगळं भरायचं आणि जपून वापरायचं. हे काम कुणाचं? अर्थातच घरातल्या बायकांचं.

शेगावच्या कॉलेजातून डिग्री घेतली, पुण्यात येऊन मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले. ओ पेअर व्हिसासाठी जर्मनीत अर्ज करताना वय १८ ते २६ लागतं आणि भाषेची ए-वन लेव्हल. दोन्ही जमत होतं. २०२२च्या सप्टेंबरात मी निघाले. निघताना शेजारच्या आजींनी विचारलंच, ‘काहून वं पोरी, लोकायचे पोट्टे सांभाळाले एवढ्या दूर जा लागते?’

रस्त्यातून वाहणारं पाणी

माझं कुटुंब होतं फ्रायबुर्गला. दक्षिण जर्मनी, मागे ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर, मध्ये ११६ मीटर उंच मनोऱ्याचं चर्च आणि सगळीकडे सायकली. पण मला पहिल्या दिवशी दिसलं ते पाणी. जुन्या गावातल्या रस्त्यांच्या कडेने दगडी पाट आहेत आणि त्यातून स्वच्छ पाणी झुळझुळ वाहतंय. कुणी भरत नाही, कुणी पहारा देत नाही. यांना म्हणतात ‘बेश्ले’. मध्ययुगापासून आहेत, पूर्वी आग विझवायला उपयोगी पडायचे. आता लहान मुलं दोरी बांधून त्यात लाकडी होड्या सोडतात. चुकून ज्याचा पाय बेश्लेत पडेल त्याचं लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होतं म्हणे! मी वर्षभर जपून चालले.

मुलं दोन. मोठी सहा वर्षांची, धाकटा तीनचा. सकाळी डबे भरायचे, धाकट्याला किंडरगार्टनला सोडायचं, मग माझा भाषेचा क्लास. दुपारी दोघांना आणायचं, पार्कात न्यायचं. पाऊस असला तरी न्यायचंच, रबरी पँट चढवून! कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा, बाटल्या सुपरमार्केटात परत देऊन पंचवीस-पंचवीस सेंट वसूल करायचे. रविवारी दुकानं बंद. डिसेंबरात साडेचारलाच अंधार, तेव्हा घरची जाम आठवण यायची.

धीर दिला तो मुलांच्या आजीने. तिची बोली तिकडची गावठी, प्रेमाने बोलताना शब्दाला ‘ले’ लावणारी. बेश्ले, हॉयस्ले, किंडले. ते ऐकून पहिल्यांदा मला हसूच फुटलं. ‘मले, तुले, घराले’ ऐकत वाढलेली मुलगी मी! पुण्यात याच ‘ले’साठी माझी टिंगल झाली होती. तिच्यासमोर मी बिनधास्त वऱ्हाडी बोलायचे, ती तिचं बोलायची, आणि आमचं बऱ्यापैकी जमायचं.

तास संपले!

फ्रिजवर आठवड्याचं टाइमटेबल लावलेलं असायचं. जर्मनीत ओ पेअरला आठवड्याला जास्तीत जास्त तीस तास काम, मुलं आणि घरकाम धरून. दीड दिवस सुट्टी, किमान चार संध्याकाळी मोकळ्या. महिन्याला २८० युरो, तेव्हाच्या भावाने चोवीस हजारांच्या आसपास. हा पगार नव्हे, पॉकेटमनी.

एकदा रात्री जेवण झाल्यावर मी सवयीने ओटा पुसला, भांडी लावली, फरशी पुसायला घेतली. मुलांची आई आली आणि म्हणाली, ‘राहू दे. तुझे तास संपलेत.’ आणि फडकं घेऊन मुलांचा बाबा पुसायला लागला. मी नुसती उभी! घरकामाचे तास संपतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

सगळ्यांनाच असं घर मिळतं असं नाही हं. माझ्या क्लासमधल्या एका मुलीचे तीस तास बुधवारीच संपायचे, तरी रविवारी तिलाच उठवायचे. तिने कागद पुढे केला, फरक पडला नाही, शेवटी घर बदललं. पण कागद होता म्हणून ‘हे चूक आहे’ असं तिला म्हणता तरी आलं.

आपल्याकडच्या बायका युरोपात मुलं सांभाळायला पूर्वीही गेल्यात. इंग्रजांच्या काळात साहेबांच्या मुलांबरोबर बोटीने आया जायच्या. तिकडे पोचल्यावर काहींना कामावरून काढून टाकायचे, परतीच्या तिकिटाविना. अशांसाठी लंडनच्या हॅकनी भागात ‘आयाज होम’ होतं. २०२२ साली त्या घरावर स्मृतिफलक लागला. काम तेच, मुलं तशीच. त्या आयांना आणि मला वेगळं करतो तो फ्रिजवरचा कागद.

आईचे तास

आता जरा गणित. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणारी भारतीय बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, पुरुष ८८. सातने गुणा. बाईचे आठवड्याला पावणेचौतीस तास होतात! जर्मनीतल्या कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त, तेही बिनपैशाचे आणि बिनसुट्टीचे. यात मुलं सांभाळणं धरलेलं नाही, पाणी भरणंही नाही. त्यांचे रकाने वेगळे.

परत आल्यावरच्या दिवाळीत मी वरवटला हा प्रयोग केला. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब असतो ना, त्याच चौकोनात आईचे तास लिहायला लागले. आई वैतागली. ‘हे काय लिहून राह्यली? घरचं काम कोनी मोजते का?’ आठवड्याचे झाले ५८. शेतातलं काम वेगळं. बाबांनी चष्मा लावून दोनदा बेरीज केली. काही बोलले नाहीत.

मी काही क्रांतीबिंती करून आले नाही. आई अजूनही पाचलाच उठते आणि मोलकरीण म्हणून गेले होते का, हे विचारणारेही अजून आहेत. मी म्हणते, ‘बरोबरीने गेले होते.’ पण गेल्या उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा कालनिर्णयवर दुधाच्या आकड्याखाली बाबांच्या बारीक अक्षरात रोज एक शब्द होता : ‘पाणी’. म्हणजे त्या दिवशी गोडं पाणी त्यांनी भरलं. मधले काही चौकोन रिकामे होते, पण बरेचसे भरलेले.

तुमच्या किचनमध्येही एक कॅलेंडर असेलच. या वीकेण्डला घरी असाल तर एक पेन घ्या आणि फक्त सात दिवस लिहा. नवरा-बायको दोघंही आयटीत असाल, तर मग नक्कीच लिहा!