मोठा आंकडा

आपली चूक आपल्याच विद्यार्थ्यांपुढें सांगणें कोणाहि शिक्षकास आवडत नाहीं. तथापि जी चूक सांगितल्यानें दुसऱ्या एखाद्या घरचे कष्टाचे पैसे वांचण्याचा संभव आहे, ती झांकून ठेवणें हाहि एक प्रकारचा अप्रामाणिकपणाच होय, असें वाटून मीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

गोष्ट सन २०२१ च्या पावसाळ्यांतली. महामारीमुळें शाळा बंद होत्या व शिकणें-शिकविणें संगणकाच्या पडद्यावरून चालत असे. दहावींतील एका विद्यार्थिनीचे वडील एके सायंकाळीं माझ्या घरीं आले. घरें रंगविणें हा त्यांचा धंदा. त्यांनीं खिशांतून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर विक्रीस असलेल्या दोन जुन्या संगणकांचीं वर्णनें मुलीनें सुवाच्य अक्षरांत उतरून घेतलीं होतीं. एक होता कचेरींतून काढलेला डेस्कटॉप. दुसरा वर्षभर वापरलेला लॅपटॉप. किंमत दोहोंची जवळ जवळ सारखीच. "सर, आम्हांला ह्यांतलें कांहीं कळत नाहीं. तुम्ही बोट ठेवाल तो घेतों," असें ते म्हणाले.

मीं कागदावरून नजर फिरविली. डेस्कटॉपांत इंटेल कंपनीचा 'कोअर आय३-२१२०' हा सन २०११ चा प्रोसेसर होता. त्याची गति ३.३ गिगाहर्ट्झ. लॅपटॉपांत त्याच कंपनीचा सन २०१९ चा 'सेलेरॉन एन४०२०' होता. त्याची गति १.१ गिगाहर्ट्झ. सेलेरॉन हें नांव १९९८ पासून स्वस्त मालास दिलेलें, म्हणून त्याविषयीं माझ्या मनांत आधींच तुच्छता होती. त्यांतून तितक्याच पैशांत तिप्पट गति! मीं डेस्कटॉपवर बोट ठेविलें. पुरतीं दोन मिनिटेंहि विचार केला नाहीं.

पुढील महिन्यांत मीं वर्गाची एक चांचणी घेतली. ह्या मुलीची उत्तरें अर्ध्यावरच थांबलीं. दुसऱ्या दिवशीं चौकशी करितां ती म्हणाली, "सर, यंत्र चांगलें आहे. पण आमच्या वस्तीवर संध्याकाळीं वीजच नसते." तिच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच तें माझ्या अधिक जिव्हारीं लागलें. लॅपटॉपांत बॅटरी असते, डेस्कटॉपांत नसते, ही गोष्ट लहान मुलासहि ठाऊक असते. ती मला त्या सायंकाळीं आठवली नाहीं, कारण मीं आंकडा विचारला, घर विचारलें नाहीं.

परीक्षा होईपर्यंत मीं माझा लॅपटॉप तिला दिला व तिचा डेस्कटॉप माझ्याकडे आणविला. मग मात्र त्या दोन प्रोसेसरांविषयीं मीं नीट माहिती मिळविली. ती विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक वाचावी.

प्रोसेसर म्हणजे संगणकांतील हिशेब करणारा भाग. त्यास एक घड्याळ अखंड ठोके देत असतें. ३.३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास ३३० कोटी ठोके. परंतु एका ठोक्यांत काम किती उरकतें, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. दोन बाया जात्यावर बसल्या आहेत अशी कल्पना करा. एक जातें भराभर फिरविते, पण मूठ लहान घालते; दुसरी सावकाश फिरविते, पण मूठ भरून घालते. नुसते फेरे मोजून पीठ किती पडलें हें कसें समजणार? पेंटियम ४ हा प्रोसेसर २००० सालीं निघाला व पुढें ३ गिगाहर्ट्झच्याहि वर गेला. तरी २००६ सालीं निघालेला १.८६ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ अनेक कामांत त्याला मागें टाकूं लागला.

शिवाय १.१ हा त्या सेलेरॉनचा नेहमींचा संथ वेग होता. काम पडतांच तो कांहीं वेळ २.८ पर्यंत चढूं शकतो. ३.३ वाला सदैव ३.३ च्याच मर्यादेंत. म्हणजे तिप्पट अंतर मीं धरिलें तें खरें नव्हतेंच.

तथापि जुन्याचा न्याय जुन्यास द्यावयास हवा. दोहोंत गाभे दोन दोनच. पण आय३ चा प्रत्येक गाभा एका वेळीं दोन कामें हातीं धरूं शकतो, आणि जड काम दीर्घ वेळ चालविणें असेल तर आजहि तोच सरस ठरतो. त्याची किंमत उष्णतेच्या रूपानें द्यावी लागते. त्याच्यासाठीं ६५ वॅट उष्णता बाहेर टाकण्याची सोय करावी लागते. सेलेरॉनला ६ वॅटची पुरते. म्हणूनच तो लहानशा बॅटरीवर तासन्‌ तास चालतो. धड्यांचे चित्रपट नव्या पद्धतीनें साठविलेले असले तर ते उलगडण्याची खास सोय सेलेरॉनमध्यें आहे. जुन्यास तें सारें ओझें स्वतः वाहावें लागतें, व त्याचा पंखा घरघरूं लागतो.

शर्यत लाविली असती तर माझी निवड जिंकली असती. परंतु त्या घरीं शर्यत नव्हती. तेथें एक मुलगी होती, वीज जाणारी वस्ती होती, आणि धडा ऐकून उत्तरें लिहिण्याचें काम होतें. त्या कामास तो मंद म्हणून हिणविलेला प्रोसेसर पुरून उरला असता.

तो डेस्कटॉप मीं पुढें वाजवी किंमत देऊन विकत घेतला. त्यांतील फिरती तबकडी काढून एसएसडी बसवितांच तो ओळखूं येईना, इतका चपळ झाला. विंडोज ११ त्या जुन्या प्रोसेसरास स्वीकारीत नाहीं. तो सेलेरॉन मात्र तिच्या यादींत आहे. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, तेव्हां मीं त्यावर लिनक्स घातलें. आतां तो शाळेच्या वाचनालयांत, जेथें वीज सहसा जात नाहीं तेथें, पुस्तकांची यादी सांभाळतो. योग्य जागीं ठेविलें तर चौदा-पंधरा वर्षांचें यंत्रहि उपयोगी पडतें.

पालकांस माझी विनंती एवढीच कीं, जुना संगणक घेतांना आधीं मुलाचें काम कोणतें, घरीं वीज किती वेळ असते, व तो कोठें ठेवावयाचा, हें ठरवावें. आंकडे मागाहून वाचावे. आणि तुमच्यापैकीं कोणी असा कागद घेऊन माझ्याकडे आल्यास, मी बोट ठेवण्यापूर्वीं चार प्रश्न विचारीन. त्याबद्दल राग मानूं नये. ते प्रश्न मला एका मुलीनें शिकविले आहेत.