चाळिशीत वल्हं

आपल्याकडे चाळिशीनंतरचा फिटनेस म्हणजे काय? मॉर्निंग वॉक, फार तर योगा क्लास. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या जॅनेट, हेलन, निकी आणि फ्रान्सिस या चौघींचं जरा वेगळं होतं. नोकऱ्या, संसार, शाळकरी मुलं... सगळं तुमच्या-आमच्या आयांसारखंच! शनिवारी सकाळी मुलं शाळेत गेली की या ऊझ नदीवर रोइंगला. थोडा व्यायाम, बऱ्याच गप्पा. त्यातून डोक्यात भूत शिरलं ते थेट अटलांटिकचं. डिसेंबर २०१५मध्ये कॅनरी बेटांतल्या ला गोमेराहून निघाल्या आणि ६७ दिवसांनी कॅरिबियनमधल्या अँटिग्वाला लागल्या. दोन तास वल्हवायचं, दोन तास आराम, तेही रात्रंदिवस. जॅनेटने तर पन्नाशी ओलांडलेली. सॉलिड ना?

माझी आई त्याच वयाची. तिला हे सगळं सांगितलं. सीट सरकती असते, खरा जोर हातांचा नाही, पायांचा, हेही. मला वाटलं, आता गुडघ्यांचं कारण येणार. पण तिने विचारलं, ‘‘दोन महिने घरी स्वयंपाकाचं काय?’’ सोसायटीतल्या बायकांची चार दिवसांची ट्रिप तिने याच प्रश्नापायी सोडली होती.

‘‘नवरे होते की घरी!’’

बाबांनी पेपर जरा वर धरला.